देवाज्ञा, पूर्वकर्म आणि दुःखाचे कारण

मराठी वृत्तपत्रांतील निधनवार्ता वाचणाऱ्यास एक शब्दप्रयोग नेहमी भेटतो : अमुक व्यक्तीस ‘देवाज्ञा झाली’. मृत्यू आजाराने आलेला असो, अपघाताने असो वा उपासमारीने. भाषा त्या साऱ्या कारणांवर एकच पडदा टाकते आणि सांगते की वरून हुकूम सुटला. बौद्ध कुटुंबांकडून निघणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकांवर हा शब्द आढळत नाही. तेथे ‘कालकथित’ असे छापलेले असते. (मूळ पाली रूप ‘कालकत’ असे आहे. ‘कालं करोति’ म्हणजे मरण पावतो, यावरून ते सिद्ध झाले. ‘कथित’ या शब्दाशी त्याचे काही नाते नाही. परंतु चुकीचे रूप आता इतके रूढ झाले आहे की व्याकरणाचा आग्रह धरून उपयोग नाही.) ‘कालकत’ या शब्दात आज्ञा देणारा कोणी नाही. माणसाचा काळ झाला, एवढेच तो शब्द सांगतो.

या दोन शब्दांमागे दोन विचारपद्धती उभ्या आहेत. जगाचा एकच स्वामी आहे, तो सर्वशक्तिमान आहे, सर्वज्ञ आहे आणि परम दयाळूही आहे, असे मानले तर जगात दुःख आणि दुष्टता आली कोठून? ख्रिस्ती ईश्वरशास्त्राने या प्रश्नाशी शतकानुशतके झुंज दिली आहे आणि ती प्रामाणिक झुंज आहे, असे आमचे मत आहे. बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांपुढे हा विषय मांडण्याची कारणे दोन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकी मिशनने वऱ्हाडात, आपल्याकडे खामगाव, मलकापूर, बुलढाणा या गावी, काम केले. ख्रिस्ती बांधव हे आपले शेजारी आहेत, आणि शेजाऱ्याचे म्हणणे नीट समजून न घेता ते खोडून काढणे धम्माला शोभत नाही. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. ईश्वरवादाचे खंडन करताना आपल्यापैकी काही उपासक, क्वचित प्रवचनकारही, ज्या उत्तराचा आधार घेतात ते उत्तर तथागतांचे नाही. तथागतांनी ते ईश्वरवादाच्या पंक्तीलाच बसवून नाकारलेले आहे.

लोणारचा दैत्य आणि एदेनची बाग

दुष्टता कोठून आली, याचे सर्वांत सोपे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका लोककथेत सापडते. लोणारच्या सरोवराच्या जागी म्हणे लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली विवर करून राहत असे व भोवतालच्या प्रजेला छळत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन विवरावरचे झाकण उडवले आणि त्याला ठार केले. ते विवर म्हणजेच सरोवर, आणि पाण्याचा खारटपणा त्या दैत्याच्या देहाचा. दैत्यसूदनाचे मंदिर लोणार गावात उभे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झाले, हे शास्त्रज्ञांनी १९७३ साली पुराव्यानिशी दाखवून दिले. त्यात कोणाच्या दुष्टाव्याचा संबंध नाही. पण कथेची मांडणी पाहण्यासारखी आहे. दुष्टतेचा मालक निराळा, देव निराळा. दोघांत लढाई होते, देव जिंकतो, आणि मुळात दैत्य झाला कसा हे विचारण्याची कोणालाही गरज वाटत नाही.

ख्रिस्ती ईश्वरशास्त्राला ही सोय उपलब्ध नाही. देवाखेरीज जे जे आहे ते ते देवानेच निर्माण केले, हा त्याचा पाया आहे. सैतानसुद्धा देवाच्या बरोबरीचा प्रतिस्पर्धी नसून निर्माण केलेला आणि पुढे पतन पावलेला दूत होय. तिसऱ्या शतकात इराणी साम्राज्यात उदयास आलेल्या मानीच्या पंथाने प्रकाश आणि अंधार अशी दोन अनादी तत्त्वे मानली होती. संत ऑगस्टिन (३५४ ते ४३०) तारुण्यात सुमारे नऊ वर्षे त्या पंथाच्या नादी होता. तो मार्ग सोडून तो ख्रिस्ती झाला तेव्हा अंधाराचा वेगळा मालक गेला आणि सारा हिशेब एकट्या देवाच्या खात्यावर आला.

बायबलमधील सामग्री एकजिनसी नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकात देवाने निर्मिलेले सर्व काही चांगले होते. मग आदाम व हव्वा यांनी एदेनच्या बागेतील निषिद्ध फळ खाल्ले आणि आज्ञाभंगाच्या शिक्षेतून कष्ट, प्रसूतिवेदना व मृत्यू आले. याउलट यशया संदेष्ट्याच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात कल्याण आणि अरिष्ट या दोहोंचेही कर्तृत्व देवाकडे घेतलेले आहे. पौल रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात कुंभाराचा दाखला देतो : एकाच गोळ्यातून एक भांडे मानाचे घडवायचे आणि दुसरे हलक्या कामाचे, हा कुंभाराचा अधिकार, मातीने त्याला जाब विचारू नये. ज्यांच्या पूर्वजांना गावाने हलक्या कामाचे भांडे ठरवले होते, त्या वाचकांना हा दाखला कसा लागेल हे आम्ही सांगावयास नको. आणि तरीही याच बायबलात ईयोबाचे पुस्तक आहे. ईयोब सज्जन. त्याची संपत्ती जाते, मुले जातात, अंगावर फोड उठतात. मित्र समाचाराला येतात आणि म्हणतात, तू काहीतरी पाप केलेच असशील. ईयोब हे मान्य करीत नाही, थेट देवाला जाब विचारतो. देव वावटळीतून बोलतो, पण कारण सांगत नाही. आपल्या सामर्थ्याचे वर्णन तेवढे करतो. मात्र शेवटी तो दोष देतो तो मित्रांना. दुःखिताच्या माथी पाप मारणाऱ्यांना धर्मग्रंथानेच फटकारावे, ही थोडी गोष्ट नव्हे.

ऑगस्टिनने दोन उत्तरे दिली आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती विचार पुढे बहुधा त्यांच्याच भोवती फिरला. एक, दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नाही. ती चांगुलपणाचा अभाव आहे. अंधार म्हणजे प्रकाश नसणे, रोग म्हणजे आरोग्य नसणे, तसेच हे. जी वस्तूच नाही तिचा निर्माता कशाला शोधायचा? न्याय-वैशेषिकांचा ‘अभाव’ पदार्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांना या युक्तीतील चातुर्य लगेच कळेल. परंतु भूक हा अन्नाचा अभाव असला तरी भुकेल्याची वेदना अभावरूप नसते. दुसरे उत्तर इच्छास्वातंत्र्याचे. देवाने माणसाला निवडीचे स्वातंत्र्य दिले, माणसाने ते वाईटाकडे वळवले, दोष माणसाचा. आदामाचे ते पाप वंशपरंपरेने प्रत्येक बालकात उतरते, यालाच आदिपाप म्हणतात.

यावर पुन्हा प्रश्न येतो. माणूस घसरणार हे सर्वज्ञ देवाला आधीच ठाऊक होते की नाही? येथे ईश्वराच्या सार्वभौमत्वाचा सिद्धान्त पुढे येतो आणि त्याचे सर्वांत कडक रूप जिनीव्हा येथील जॉन कॅल्व्हिन (१५०९ ते १५६४) याच्याकडे आढळते. जे घडते ते सर्व देवाच्या अनादी संकल्पाने घडते. कोण तरणार व कोण नाश पावणार हेही ठरलेले आहे. कॅल्व्हिनच्या परंपरेतील वेस्टमिन्स्टर येथील श्रद्धापत्रात (१६४६) सर्व काही देवाने नेमून ठेवले आहे, पण पापाचा कर्ता देव नाही, अशी दोन्ही विधाने शेजारी शेजारी केलेली आहेत. त्यांचा मेळ घालण्यासाठी शास्त्रज्ञांनी घडवणे आणि घडू देणे असा भेद केला; मूळ कारण आणि दुय्यम कारण असा भेद केला. हा भेद पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. बाप मुलाला सायकल घेऊन देतो आणि मुलगा पडतो, तेव्हा पाडण्याचा दोष आपण बापाला देत नाही. अडचण एवढीच की हा बाप रस्ता, खड्डा, मुलाचा तोल आणि पडण्याचा क्षण हे सर्व स्वतःच निर्माण करणारा आहे. स्वातंत्र्य खरे मानावे तर सार्वभौमत्व आखडते. सार्वभौमत्व पूर्ण मानावे तर दुष्टता देवाच्या अंगाला लागते. इकडे आड, तिकडे विहीर.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगालमधील लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. प्रार्थनेला जमलेली माणसे चर्चच्या छपराखाली गाडली गेली. तेव्हापासून शक्य त्या जगांमध्ये हेच जग सर्वोत्तम, हे जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझचे १७१० सालचे समाधान युरोपातही कोणी सहज उच्चारीना. विसाव्या शतकातील काही ख्रिस्ती विचारवंतांनी सार्वभौम राजाऐवजी क्रुसावर स्वतः वेदना भोगणारा देव पुढे आणला. भारतात १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरशास्त्राची मांडणी केली ती याच वाटेने. त्या देवाविषयी आम्हांला आदर वाटतो. मात्र तो सहप्रवासी आहे, सार्वभौम नाही.

एक गोष्ट राहता कामा नये. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे पाहून येशूला विचारतात : पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात बुरूज कोसळून मेलेल्या अठरा माणसांविषयी तो म्हणतो की ती इतरांहून अधिक पापी नव्हती. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. अशा वेळी मृतांच्या नशिबाची आणि कर्माची चर्चा करणाऱ्या आपल्या समाजाने येशूचा हा नकार ऐकण्याजोगा आहे.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा आक्षेप

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. ते कॅल्व्हिनच्याच परंपरेतील. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक काढले, विल्सन यांनी पुढच्याच वर्षी त्याला उत्तर दिले, आणि मराठीत धर्मवादाचे एक युग सुरू झाले. परंतु प्रस्तुत प्रश्नावर सर्वांत धारदार लेखन केले ते एका वीस वर्षांच्या चित्पावन पंडिताने. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळचा, शिक्षण काशीचे. जॉन म्यूर या अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता सांगितली होती. तिला उत्तर म्हणून गोऱ्ह्यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला.

त्यांच्या आक्षेपाचा गाभा आमच्या शब्दांत असा. ख्रिस्ती मतानुसार जीव जन्मापूर्वी नसतो, देव त्याला नव्याने निर्माण करतो. मग एक जीव सुदृढ व दुसरा आंधळा, एक राजवाड्यात व दुसरा उकिरड्यावर, हा भेद कशाच्या आधारे? ज्याने अजून काहीच केलेले नाही त्याला शिक्षा कसली? पशूंनी कोणते पाप केले म्हणून ते तडफडतात? जे पाप करून अनंत नरकात जाणार हे आधीच ठाऊक आहे त्यांना दयाळू देवाने जन्म तरी का द्यावा? आणि मर्यादित आयुष्यातील पापाला अमर्याद शिक्षा हा कोणता न्याय? हे प्रश्न आजही तितकेच टोकदार आहेत. पुढे १८४८ साली गोऱ्हे स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले, आणि पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागे त्यांच्या लेखनाचा प्रभाव होता, हा इतिहासाचा विलक्षण फेरा आहे. पण त्याने मूळ प्रश्नांची धार बोथट होत नाही.

आमचा मतभेद आहे तो गोऱ्ह्यांनी त्या ग्रंथात पुढे केलेल्या उत्तराशी. विषमतेचे कारण देव नाही, जीवाचे पूर्वजन्मीचे कर्म आहे; संसार अनादी आहे; ज्याचे त्याने पेरले तेच तो कापतो. देव निर्दोष सुटला. पण सुटला कोणाच्या जिवावर? आंधळ्याच्या, उकिरड्यावर जन्मलेल्याच्या. पहिल्या मतात दुःखिताला कारण सांगितले जात नव्हते; दुसऱ्या मतात तोच आरोपी ठरला. हे उत्तर देणारा पंडित काशीत बसून लिहीत होता आणि त्याचा जन्म त्याच्या दृष्टीने सत्कर्माचेच फळ होता, हे विसरता येत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या हेच उत्तर ऐकवले गेले. म्हणून एखादा उपासक मिशनच्या पाद्रीशी वाद घालताना ‘तुमच्या देवापेक्षा आमचा कर्मसिद्धान्त बरा’ असे म्हणून हेच उत्तर बुद्धाच्या नावाने देतो, तेव्हा तो गोऱ्ह्यांचे शस्त्र उचलतो आणि त्याचे पाते आपल्याच मानेकडे असते.

माकडाचे कातडे पांघरलेला परिव्राजक

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तित्थायतन नावाचे सुत्त आहे. तथागत तेथे तीन मते घेतात. माणूस जे सुख, दुःख वा उपेक्षा अनुभवतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळे, हे पहिले (पुब्बेकतहेतु). ईश्वराने निर्माण केल्यामुळे, हे दुसरे (इस्सरनिम्मानहेतु). काही कारणच नाही, हे तिसरे (अहेतु-अप्पच्चय). तिघांनाही ते एकाच कसोटीवर तपासतात. माणूस हिंसा करतो, चोरी करतो, खोटे बोलतो. तेही मग पूर्वकर्माने, ईश्वरनिर्मितीने वा विनाकारण, असे म्हणावे लागेल. आणि जो हे मत सारभूत मानून त्याला चिकटतो त्याच्यात काही करण्याची इच्छा, काही करण्याचा प्रयत्न, हे करावे व हे करू नये असा विवेक उरत नाही. ईश्वर आहे की नाही याचा तार्किक निवाडा येथे मुख्य नाही. त्या मतामुळे माणसाच्या हातून काय सुटते, याची ही तपासणी आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात अधम्म कोणता हे सांगताना ईश्वरावरील श्रद्धेचा जो विचार केला त्यात हाच युक्तिवाद वापरला आहे. पूर्वजन्मीच्या कर्माची छाननी त्यांनी त्याच ग्रंथात स्वतंत्रपणे केली आणि तो सिद्धान्त बुद्धाचा असू शकत नाही असा निर्णय दिला.

हाच विचार महाबोधि जातकात (क्रमांक ५२८) कथारूपाने आला आहे. ती कथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने. वाराणसीच्या राजाचे पाच अमात्य न्यायदानाचे काम करीत आणि लाच घेऊन खोटे निकाल देत. बोधिसत्त्व त्या जन्मी महाबोधि नावाचे परिव्राजक होते. अन्यायाने दावा हरलेल्या एकाची फिर्याद त्यांनी ऐकली आणि खरा निकाल दिला. लोकांनी जयजयकार केला, राजाने न्यायदान त्यांच्याकडे सोपवले, अमात्यांची कमाई बुडाली. मग कारस्थाने. काही काळानंतर महाबोधि माकडाचे कातडे पांघरून राजसभेत येतात. अमात्य हिणवतात : अहिंसेच्या गोष्टी सांगणाऱ्याने माकड मारले! आता गंमत अशी की या पाच जणांची पाच तत्त्वज्ञाने आहेत. एक कारणच न मानणारा, एक ईश्वरालाच सर्वांचे कारण मानणारा, एक सर्व काही पूर्वकर्माने होते म्हणणारा, एक उच्छेदवादी आणि एक सत्तेसाठी सर्व क्षम्य मानणारा. महाबोधि प्रत्येकाला त्याच्याच मताने गाठतात. ईश्वरवाद्याला ते सांगतात की प्राणिमात्राचे सुख, विपत्ती, बरेवाईट कृत्य सर्व ईश्वर ठरवीत असेल तर माणूस केवळ हुकमाचा ताबेदार. माकड मारण्याच्या पापाचा लेप ईश्वरालाच लागेल, मला का दोष देता? पूर्वकर्मवाद्याला सांगतात की माकडाने मागचे काही देणे फेडले असेल. मग माझे काय चुकले?

जातककथेच्या रचनाकाराने या तत्त्वज्ञानांचे वकील म्हणून लाचखोर न्यायाधीश निवडले, हा आम्हांला योगायोग वाटत नाही. खोटा निकाल देणाऱ्याला असे मत सोयीचे असते की ज्यात हरलेल्याच्या दुःखाचे कारण निकालाखेरीज दुसरे काहीतरी निघते.

ख्रिस्ती शास्त्रज्ञ यावर म्हणेल की आम्ही माणसाला हुकमाचा ताबेदार मानीत नाही. हे खरे आहे, आणि इच्छास्वातंत्र्य मानणाऱ्या ख्रिस्ती परंपरेला हे खंडन पूर्णपणे लागू पडत नाही. ते लागते ते सर्व काही नेमून ठेवणाऱ्या सार्वभौम ईश्वराला. प्रतिपक्षाचे सर्वांत दुबळे रूप समोर उभे करून विजयोत्सव करण्याची आपल्या वक्त्यांची सवय सुटली तर बरे होईल.

१८९९ चा दुष्काळ कोणाची आज्ञा?

पाश्चात्त्य ग्रंथांत अनिष्टाचे दोन भाग करतात : निसर्गातून येणारे व माणसाच्या दुष्ट कृत्यातून येणारे. वऱ्हाडच्या इतिहासात ही विभागणी टिकत नाही. १८९९ साली पाऊस पडला नाही आणि १९०० पर्यंत दुष्काळाने हाहाकार केला. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ च्या शिरगणतीत ती साडेसत्तावीस लाखांवर आली. पण त्या वर्षी आगगाडी बंद नव्हती. मलकापूर-शेगाववरून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ पासून चालू होता, जलंब-खामगाव फाटा १८७० पासून. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. धान्य बाहेरून आणता येत होते. ते विकत घेण्यास मजुराजवळ पैसा नव्हता, कारण शेत पिकले नाही तेव्हा त्याची मजुरीच बुडाली. दुष्काळात पहिला घाव शेतमजुरांच्या रोजगारावर पडतो हे सरकारी दुष्काळ आयोगाने १८८० मध्येच नोंदवले होते. पाऊस न पडणे हे निसर्गाचे. मजूर मरणे हे व्यवस्थेचे. ‘देवाची मर्जी’ या दोन शब्दांत हे दोन्ही एकजीव होऊन जाते. त्या काळात मिशनांनी अनाथ मुलांना आश्रय दिला, त्यांची सेवा नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण मुले अनाथ का झाली, हा प्रश्न सेवेने सुटत नाही.

१९७२ चा दुष्काळही भीषण होता. तेव्हा सरकारने गावोगाव कामे काढली, खडी फोडून, बंधारे बांधून माणसे जगली, आणि त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. पाऊस दोन्ही वेळा रुसला होता. देव बदलला नव्हता, कायदा बदलला.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त हे या दृष्टीने एदेनच्या कथेशेजारी ठेवून वाचावे. तेथेही दुष्टतेच्या उगमाचीच कथा आहे. एक राजा संरक्षणाची व्यवस्था करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येच्या भयातून असत्य, अशी साखळी वाढत जाते आणि माणसाचे आयुष्य व रूप घटत जाते. मूळ अपराध कोणा स्त्रीने फळ खाल्ल्याचा नाही. राज्यकर्त्याने आपले कर्तव्य अर्धवट केल्याचा आहे. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र सरकारला विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर करावी लागली. त्या सहांत बुलढाणा होता. त्या आत्महत्यांचा विचार पापाच्या भाषेत करायचा की कर्ज, कापसाचा भाव व सिंचन यांच्या भाषेत, हे सुत्तकारांना विचारले असते तर त्यांचे उत्तर स्पष्ट आहे.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मातील सेवाभावाची थोरवी मान्य केली होती. तरीही धर्मांतरित अस्पृश्य ख्रिश्चनांच्या स्थितीवरील इंग्रजी निबंधात (तो १९८९ साली महाराष्ट्र शासनाच्या लेखन-भाषण मालेच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाला) त्यांनी नेमके या मर्मावर बोट ठेवले आहे. तुझ्या अवनतीचे कारण अन्यायी सामाजिक व धार्मिक परिस्थिती आहे, तिच्यावर हल्ला कर, असे त्या माणसाला सांगण्याऐवजी त्याला सांगितले गेले की कारण तुझे पाप आहे. परिणामी परिस्थिती बदलण्याची प्रेरणा त्याला त्या शिकवणीतून मिळाली नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

येथे अभ्यासू वाचक आम्हांला अडवील. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंग सुत्तात अल्पायुष्य, रोग, कुरूपता, नीच कुळातील जन्म यांचा संबंध पूर्वीच्या कृत्यांशी जोडलेला नाही काय? जोडलेला आहे, ते सुत्त लपवून चालणार नाही. परंतु संयुत्तनिकायातील मोळियसीवक परिव्राजकाला दिलेले उत्तर त्याच्याबरोबर वाचले पाहिजे. वेदनांची आठ कारणे तेथे दिली आहेत : पित्त, कफ, वात, या तिघांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मानेच होते असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्या व लोकमान्य सत्याच्याही पलीकडे जातात, असे तथागत तेथे बजावतात. अट्ठकथाकारांनी पुढे पाच नियाम सांगितले. त्यांत कम्मनियाम एक, आणि उतुनियाम व बीजनियाम हे त्याहून वेगळे. दोन सुत्तांत विसंगती दिसते तेव्हा कोणते प्रमाण मानावे, याची बाबासाहेबांनी दिलेली कसोटी बुद्धिसंगतीची आणि लोककल्याणाची आहे. ती लावली असता कौल सीवकाच्या सुत्ताकडे जातो, असे आम्ही मानतो.

बीजनियामाचे उदाहरण विदर्भातील बौद्ध व आदिवासी वस्त्यांत दूर शोधावे लागत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे प्रमाण या भागात मोठे आहे. सांधे ठणकतात, रक्त कमी पडते, मूल वारंवार आजारी पडते, आणि विहारात आलेली आई विचारते की माझ्याच लेकराच्या वाट्याला हे का. तिला देवाची इच्छा सांगणारे भेटतात आणि मागच्या जन्माचे सांगणारेही भेटतात. आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक असतात तेव्हा प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः बहुधा निरोगी दिसतो, त्यामुळे त्याला ते ठाऊकही नसते. रक्ताच्या तपासणीने ते कळते, आणि ही तपासणी लग्न ठरण्यापूर्वी करता येते.